मायलोमाचे स्कॅन: कोणता, कधी, कशासाठी आणि रिपोर्ट वाचायचा कसा

मल्टिपल मायलोमा म्हणजे हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरोत) वाढणारा, प्लाझ्मा पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. त्याचं निदान रक्त, लघवी आणि बोन मॅरोच्या तपासणीवर होतं. तरी उपचार आज सुरू करायचे की थोडं थांबून बघायचं, हा निर्णय कित्येकदा एका स्कॅनवर येऊन ठेपतो. या पेशी रक्तात जे एम-प्रोटीन सोडतात त्यावरून शरीरात एकूण आजार किती आहे याचा अंदाज येतो. तो कुठं बसलाय, कोणतं हाड मोडायच्या बेतात आहे, मज्जारज्जूवर दाब येतोय का, हे मात्र रक्त सांगत नाही.

‘यातला सगळ्यात चांगला स्कॅन कोणता?’ असं रुग्ण आणि नातेवाईक हमखास विचारतात. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. सीटी हाडाचं झालेलं नुकसान दाखवतो, एमआरआय मज्जेत शिरलेल्या पेशी दाखवतो आणि पेट-सीटी त्यातल्या कुठल्या पेशी आत्ता कामात आहेत ते दाखवतो. म्हणून स्कॅनची चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: यातून नेमकं काय कळायला हवंय, आणि ते कळल्यावर उपचारात काय बदलेल? या दोन्हींची उत्तरं मिळाली की पुढचं बरंचसं सोपं होतं.

सगळ्यात आधी: कधी थांबायचं नाही

मायलोमाच्या रुग्णाची पाठ दुखणं नवीन नाही. पण पाठदुखीसोबत पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं, चालताना पाय लटपटू लागले, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखू लागलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, इमर्जन्सी विभाग गाठा आणि ‘मायलोमा आहे, मज्जारज्जू दबल्याची शंका आहे’ असं स्पष्ट शब्दांत सांगा.

अशा वेळी एमआरआय हवा, तोही संपूर्ण मणक्याचा. दुखतंय तेवढाच भाग बघून चालत नाही, कारण दाब एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो आणि दुखणारी जागा दरवेळी दाबाची जागा असतेच असं नाही. एमआरआय करणं शक्य नसेल तर सीटीवर काम भागवतात. अनेकदा डॉक्टर एमआरआयची वाट न बघता स्टिरॉइड सुरू करतात, मग रेडिएशन की शस्त्रक्रिया ते ठरतं. उपचार सुरू होताना रुग्णाला चालता येत होतं का, यावर तो पुढं चालेल का हे बरंच अवलंबून असतं. म्हणून इथं घाई करायची.

दुसरी घाईची वेळ म्हणजे मांडी, खुबा किंवा दंड अचानक दुखू लागणं, विशेषतः वजन टाकल्यावर किंवा काही उचलताना. त्या पायावर भार टाकू नका आणि लगेच एक्स-रे काढून घ्या.

पायरी १: पूर्ण शरीराचा कमी डोसचा सीटी

मायलोमाची शंका आली की पूर्वी कवटी, मणका, छाती, ओटीपोट, हातापायांची लांब हाडं असे वीसेक एक्स-रे काढले जात. त्याला स्केलेटल सर्व्हे म्हणतात. अजूनही काही ठिकाणी तोच लिहून देतात. एक्स-रेची अडचण अशी की हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात भोक दिसत नाही. वाळवीनं आतून पोखरलेला दरवाजा बाहेरून धडधाकट दिसावा, तसं होतं. शिवाय फासळ्या, छातीचं मधलं हाड, खांद्याचं पातं, माकडहाड या जागा एक्स-रेमध्ये एकमेकांवर येतात किंवा आतड्यातल्या वायूमागं झाकल्या जातात, आणि मायलोमाला नेमक्या याच जागा आवडतात. ज्या हाडांत मोठेपणीही लाल मज्जा उरते तिथं तो वाढतो: मणके, फासळ्या, कवटी, ओटीपोट, दंड आणि मांडीच्या हाडांची वरची टोकं. हातापायांच्या बोटांत तो क्वचितच सापडतो.

(जाता जाता: १८४४ साली सॅम्युएल सॉली या डॉक्टरांनी लंडनमधल्या सारा न्यूबरी या मायलोमाच्या रुग्णाची हकीकत छापली. नवऱ्यानं उचलून पलंगावर नेताना तिच्या मांडीची हाडं मोडली होती. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे त्या काळी हाड पोखरलंय हे ते मोडल्यावरच कळायचं.)

म्हणून इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुप या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१९ च्या शिफारशींत पहिली पसंती पूर्ण शरीराच्या कमी डोसच्या सीटीला दिली आहे. याच गटाच्या २१२ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचे एक्स-रे स्वच्छ होते, पण सीटीत हाडं पोखरलेली दिसली. एवढ्या लोकांना ‘हाडं ठीक आहेत’ म्हणून घरी पाठवणं आज कुणालाच परवडणारं नाही.

या सीटीला इंजेक्शन लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही आणि टेबलावर काही मिनिटंच पडून राहावं लागतं. पाठ दुखणाऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा असतो. रेडिएशनचा डोस बहुतेक केंद्रांत ३ ते ७ मिलिसिव्हर्टच्या दरम्यान असतो. तुलनेसाठी, निसर्गातूनच माणसाला जगभरात वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात.

चिठ्ठीवर ‘कमी डोस, पूर्ण शरीर, मायलोमासाठी’ एवढं लिहिलंय ना, ते बघून घ्या. नुसतं ‘सीटी छाती-पोट’ असं लिहिलं तर कवटी, दंड आणि मांड्या सुटतात. निदान डोक्यापासून गुडघ्यापर्यंत स्कॅन व्हायला हवा, आणि हातही चित्रात यायला हवेत.

सीटीत ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं, मायलोमामुळं पडलेलं एक जरी भोक दिसलं आणि बाकीचे निकष जुळत असतील, म्हणजे बोन मॅरोत १० टक्के किंवा जास्त एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी असतील किंवा बायोप्सीत प्लाझ्मासायटोमा, म्हणजे अशा पेशींची गाठ, सिद्ध झाला असेल, तर तो उपचार लागणारा मायलोमा ठरतो. नुसता हाडांचा ठिसूळपणा किंवा भोकाशिवाय दबलेला मणका यात धरत नाहीत. साठीच्या पुढं मणका दबायला इतर कारणंही पुष्कळ असतात.

दोन तपासण्या या कामाच्या नाहीत, तरी त्या लिहून दिलेल्या दिसतात. एक म्हणजे टेक्नेशियमचा बोन स्कॅन. हाड जिथं नव्यानं बांधलं जातंय तिथं तो उजळतो. मायलोमात हाड बांधणाऱ्या पेशीच दडपल्या जातात, त्यामुळं भलंमोठं भोक असूनही हा स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. दुसरी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. हाडं किती विरळ झालीत ते तिच्यातून कळतं, मायलोमाचं निदान होत नाही.

पायरी २: सीटी स्वच्छ असेल तर एमआरआय

सीटीत काही सापडलं नाही, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, किडनी सगळं ठीक आहे, पण बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी वाढलेल्या आहेत. हा स्मोल्डरिंग मायलोमा असू शकतो, म्हणजे धुमसणारा पण अजून न भडकलेला. अशा वेळी पुढची पायरी पूर्ण शरीराचा एमआरआय. ती सोय नसेल तर निदान संपूर्ण मणका आणि ओटीपोटाचा करतात.

हाड पोखरलं जाण्याआधीच मज्जेत जमलेल्या पेशी एमआरआयला दिसतात. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या मज्जेत चरबी भरपूर असते, त्यामुळं टी-वन नावाच्या प्रतिमेत निरोगी मणका शेजारच्या डिस्कपेक्षा उजळ दिसतो. मायलोमाच्या पेशी चरबी हटवून तिथं बसल्या की ती जागा काळपट होते. पेशी एका ठिकाणी गोळा झाल्या तर गडद ठिपका दिसतो, त्याला फोकल लिजन म्हणतात. सगळीकडं पसरल्या तर मणकाच्या मणका डिस्कपेक्षा गडद होतो, हे डिफ्यूज इनफिल्ट्रेशन. मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा तिसराही प्रकार रिपोर्टमध्ये सापडतो. तो बहुधा सौम्य आजारात दिसतो आणि त्यानं घाबरून जायचं कारण नसतं.

इथला आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१४ पासूनच्या निकषांनुसार एमआरआयमध्ये प्रत्येकी ५ मिलिमीटर किंवा मोठे असे एकापेक्षा जास्त फोकल लिजन दिसले, तर बाकी काहीही त्रास नसताना स्मोल्डरिंगचं नाव मागं पडतं आणि उपचार सुरू करायचे ठरतात. एकच दिसला किंवा जो दिसला तो शंकास्पद असेल, तर ३ ते ६ महिन्यांनी एमआरआय पुन्हा करतात. ही वाट बघण्याची मुदत रुग्णाला फार जड जाते. ‘कॅन्सर आहे आणि डॉक्टर काहीच करत नाहीत’ असं घरच्यांना वाटतं. पण मणक्यात रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी खूप लोकांना असतात आणि त्या कधीकधी फसवतात. त्यातली चरबीमुळं टी-वनमध्ये उजळ दिसणारी गाठ ओळखायला सोपी, पण चरबी कमी असलेली गाठ मायलोमासारखीच गडद दिसू शकते. एका संशयास्पद ठिपक्यावर वर्षानुवर्षांचे उपचार सुरू करण्यापेक्षा काही महिने थांबणं किंवा तिथली बायोप्सी घेणं केव्हाही शहाणपणाचं.

जाणकार केंद्रात या एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाच्या प्रतिमाही घेतात. पेशी दाटीवाटीनं भरलेल्या असतील तर पाण्याच्या रेणूंना हलायला जागा राहत नाही आणि ती जागा झळकते. उपचारांनी पेशी मेल्या की पाणी मोकळं होतं आणि त्याचा एडीसी हा आकडा वाढतो. २०१९ पासून असे रिपोर्ट लिहिण्यासाठी माय-रॅड्स ही एकसारखी पद्धत आली आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये ते नाव असेल तर पुढच्या वेळी तुलना करणं सोपं जाईल.

पायरी ३: पेट-सीटी कुणाला आणि कधी

पेट-सीटीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, एफडीजी, शिरेतून देतात. भरभर वाढणाऱ्या पेशी ती ओढून घेतात आणि प्रतिमेत चमकतात. सोबतच्या सीटीत हाडही दिसतं. त्यामुळं काही केंद्रांत निदानाच्या वेळी वेगळा सीटी न करता थेट पेट-सीटीच करतात, आणि ते चालतं. एक अट आहे: हाड नुसतं चमकून भागत नाही, चमकलेल्या जागी सीटीत हाड पोखरलेलं दिसलं तरच हाडाचा निकष पूर्ण होतो.

पेट-सीटीला तोड नाही अशा तीन जागा आहेत. पहिली, एकच गाठ असलेला प्लाझ्मासायटोमा. ती खरोखर एकटीच आहे का हे पूर्ण शरीर बघूनच ठरतं, कारण एकटी असेल तर रेडिएशननं बरी होण्याची आशा असते आणि उपचारांची वाटच वेगळी होते. दुसरी, हाडाबाहेर, म्हणजे यकृत, त्वचेखाली, लिम्फ नोड्समध्ये, पसरलेला आजार. हा आजाराचा दांडगा प्रकार आहे आणि कधीकधी एम-प्रोटीन फारसा न वाढताही तो वाढतो. तिसरी जागा म्हणजे उपचारांचा परिणाम मोजणं, त्याबद्दल पुढं लिहिलंय. याखेरीज ज्या थोड्या रुग्णांचा मायलोमा रक्तात प्रोटीन सोडतच नाही, त्यांच्यासाठी स्कॅन आणि बोन मॅरो हीच काय ती मोजपट्टी.

मर्यादाही जाणून घ्या. सुमारे दहातल्या एका रुग्णात एमआरआयला आजार स्पष्ट दिसत असूनही पेट-सीटी स्वच्छ येतो. त्या पेशींत साखर अडकवून ठेवणारं हेक्सोकायनेज-२ हे एन्झाइम कमी असतं, म्हणून त्या चमकत नाहीत. अशा रुग्णाचा उपचारांनंतरचा ‘निगेटिव्ह’ पेट-सीटी काहीच सिद्ध करत नाही. उपचारांनंतर पेट-सीटीवर भरवसा ठेवायचा असेल तर उपचारांआधीचा पेट-सीटी हवा, आणि त्यात आजार चमकलेला असायला हवा. मायलोमाच्या सगळ्या स्कॅनमध्ये हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि गडबडीत नेमका हाच निसटतो.

वेळही साधावी लागते. स्टिरॉइडचे काही डोस गेले की चमक कमी होऊ शकते, त्यामुळं पहिला पेट-सीटी शक्यतो उपचार सुरू होण्याआधी करा. अर्थात कॅल्शियम खूप वाढलंय, किडनी बिघडतेय अशा रुग्णाचे उपचार स्कॅनसाठी अडवून ठेवायचे नसतात.

पायरी ४: स्कॅनच्या दिवसाची तयारी

सीटीला विशेष काही नाही. धातूचे दागिने, चेन, हुक असलेले कपडे काढून ठेवायचे, इतकंच.

एमआरआयचं तसं नाही. पूर्ण शरीराच्या एमआरआयला पाऊण ते एक तास सहज लागतो आणि तेवढा वेळ उताणं, न हलता पडून राहायचं असतं. मणका दबलेल्या माणसासाठी ही शिक्षाच. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या, गुडघ्याखाली उशी मागा आणि आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. मायलोमात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्या किडनीला घातक ठरू शकतात. अंगावर छातीपासून पायापर्यंत चिलखतासारखे कॉइल ठेवतात, यंत्र ठोकल्यासारखा आवाज करतं आणि मधूनमधून ‘श्वास रोखा’ अशी सूचना येते. हातात एक रबरी फुगा दिलेला असतो, तो दाबला की तंत्रज्ञ लगेच बोलतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर ते आधीच सांगा, त्यावर औषध देता येतं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर तिची कागदपत्रं सोबत न्या. हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण ते मॉडेल बघूनच ठरवतात.

पेट-सीटीची तयारी आदल्या दिवसापासून सुरू होते. दमवणारा व्यायाम किंवा कष्टाचं काम आदल्या दिवशी टाळा, नाहीतर स्नायूच चमकतात. स्कॅनआधी साधारण ६ तास उपाशी राहायचं, साधं पाणी मात्र प्यायचं. मधुमेह असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या खाली असावी असं बहुतेक केंद्रं बघतात. मायलोमाच्या उपचारांत डेक्सामिथासोन असतंच आणि त्यानं साखर चढते, म्हणून डोसच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन ठेवला की हमखास घोळ होतो. इन्शुलिन आणि मेटफॉर्मिन कधी घ्यायचं हे केंद्राकडून विचारून घ्या, स्वतः ठरवू नका.

इंजेक्शन दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं. पांघरूण मागा, कारण थंडी वाजली तर मानेभोवतीची तपकिरी चरबी चमकून रिपोर्ट गढूळ होतो. गप्पा आणि मोबाइलही बाजूला ठेवा. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या. या फ्लोरिनची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळं त्या दिवशी काही तास गरोदर बाई आणि तान्ह्या बाळांपासून अंतर ठेवलं की पुरे.

आत जाण्याआधी तंत्रज्ञाला एक विचारा: स्कॅन कुठून कुठपर्यंत आहे? इतर कॅन्सरसाठी तो कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत करायची पद्धत आहे. मायलोमात डोक्याच्या टाळूपासून घ्यायला हवा, आणि दंड व मांड्या पूर्ण यायला हव्यात. बहुतेक ठिकाणी हे ठाऊक असतं. तरी विचारण्यात जातं काय?

चमक वाढवणाऱ्या इतर गोष्टीही आधीच लिहून द्या: नुकतं झालेलं फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया, दात काढणं, ताप किंवा संसर्ग, गेल्या काही आठवड्यांत घेतलेली लस आणि पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ इंजेक्शन. या इंजेक्शननंतर सगळी मज्जा एकसारखी पेटल्यागत दिसते आणि आजार पसरलाय की औषधाचा परिणाम आहे ते कळेनासं होतं. म्हणून त्यानंतर दोनतीन आठवडे तरी जाऊ देतात.

पायरी ५: कॉन्ट्रास्ट आणि किडनी

मायलोमा शोधायला किंवा मोजायला वर सांगितलेल्या एकाही स्कॅनला कॉन्ट्रास्टची, म्हणजे प्रतिमा ठळक करायला शिरेतून देतात त्या औषधाची, सहसा गरज नसते. हे ध्यानात ठेवा, कारण दुसऱ्याच तक्रारीसाठी, म्हणजे पोटदुखी किंवा दम लागतो म्हणून, सीटी लिहून दिला जातो आणि त्या फॉर्मवर मायलोमाचा उल्लेखच नसतो. या आजारात लाइट चेन नावाचं प्रोटीन किडनीच्या नलिकांत साचत असतं. त्यात शरीरातलं पाणी कमी झालं, कॅल्शियम वाढलं आणि वर आयोडिनचा कॉन्ट्रास्ट गेला तर किडनीला धक्का बसू शकतो.

तेव्हा फॉर्मवर मायलोमा लिहा, किडनी किती काम करतेय ते सांगणारे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर हे ताजे रिपोर्ट सोबत ठेवा, आणि कॉन्ट्रास्टशिवाय काम होईल का ते विचारा. फुप्फुसात रक्ताची गुठळी शोधायची असेल तर तो लागतोच. तेव्हा सलाइन देऊन, काळजी घेऊन तो दिला जातो आणि तेच योग्य. किडनी खूप मंदावली असेल तर एमआरआयच्या कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे गॅडोलिनियमच्या, बाबतीतही कोणता प्रकार वापरायचा हे बघावं लागतं.

पायरी ६: रिपोर्ट वाचताना

समजा, उपचारांआधीच्या रिपोर्टमध्ये असं लिहिलंय: ‘डी-नऊ मणक्यात १४ मिलिमीटरचा लिटिक लिजन, एसयूव्ही मॅक्स ६.८. उजव्या मांडीच्या हाडात वरच्या भागात २२ मिलिमीटरचा लिटिक लिजन, एंडोस्टिअल स्कॅलपिंग. हाडाबाहेर काही नाही.’

लिटिक म्हणजे पोखरलेलं. डी-नऊ म्हणजे छातीच्या मागचा नववा मणका, काही जण त्यालाच टी-नऊ लिहितात. एसयूव्ही हा चमकेचा आकडा, पण तो यंत्र, साखर, वजन, इंजेक्शन आणि स्कॅन यांमधला वेळ या सगळ्यानुसार बदलतो. दोन वेगळ्या केंद्रांचे आकडे एकमेकांशी ताडून ‘पॉइंट पाचनं वाढलं’ म्हणून झोप उडवून घेऊ नका. त्याऐवजी यकृताच्या तुलनेत चमक कमी की जास्त हे बघतात. एक ते पाच गुणांची डोव्हिल श्रेणी त्यासाठीच आहे. त्यात चार किंवा पाच म्हणजे यकृतापेक्षा जास्त.

या रिपोर्टमधलं खरं धोक्याचं वाक्य मांडीच्या हाडाचं आहे. एंडोस्टिअल स्कॅलपिंग म्हणजे हाडाची कडक भिंत आतून कोरली जाते आहे. चालता-चालता मोडणारं हाड हेच. हे वाचलं की ऑर्थोपेडिक सर्जनचा सल्ला त्याच आठवड्यात घ्या. मोडण्याआधी आत सळई घालणं हे मोडल्यावर जोडण्यापेक्षा कितीतरी सोपं. मणक्याच्या बाबतीत तो स्थिर आहे का, मागची भिंत शाबूत आहे का हे विचारायचं. असह्य दुखणाऱ्या दबलेल्या मणक्यात सिमेंट भरता येतं, आणि तो निर्णयही एमआरआय बघूनच घेतात.

रिपोर्टमध्ये स्टेज शोधू नका. १९७५ सालच्या ड्युरी-सॅलमन पद्धतीत एक्स-रेवरची भोकंही मोजून स्टेज ठरवत असत, त्यामुळं ती समजूत अजून टिकून आहे. आताची आर-आयएसएस स्टेज रक्तातले बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि मज्जेतल्या पेशींची जनुकीय तपासणी यांवरून ठरते. दहा भोकं असलेला रुग्ण पहिल्या स्टेजचा असू शकतो.

पायरी ७: उपचारांनंतर

आता वरच्याच रुग्णाचा सहा महिन्यांनंतरचा रिपोर्ट: ‘डी-नऊमधला लिटिक लिजन पूर्वीइतकाच, एफडीजी अपटेक नाही.’ घरी सगळे पहिला अर्धा भाग वाचतात आणि धसका घेतात. ही खरं तर फार चांगली बातमी आहे. मायलोमाचं भोक आजार आटोक्यात आल्यावरही अनेकदा वर्षानुवर्षं तसंच राहतं, फार तर कडेनं थोडं कडक होतं. पेशी गेल्या, खड्डा उरला. नुसत्या सीटीवरून आजार उरलाय का हे म्हणूनच ठरवता येत नाही. नवं भोक पडणं किंवा जुनं वाढणं याला मात्र अर्थ आहे.

एमआरआयही इथं जरा मागं पडतो. साध्या प्रतिमांत डाग महिनोन्महिने रेंगाळतात. डिफ्यूजन त्यातून बराच मार्ग काढतं. पेट-सीटीतली चमक लवकर विझते, म्हणून उपचारांचा परिणाम बघायला त्याला पसंती आहे. स्टेम सेल ट्रान्सप्लांट झाला असेल तर साधारण तीन महिन्यांनी तो करतात, तोवर ट्रान्सप्लांटची धामधूम शरीरात निवळलेली असते. बोन मॅरोच्या अतिसूक्ष्म तपासणीत एकही पेशी सापडली नाही आणि पेट-सीटीही विझला, अशी दुहेरी खात्री झाली तर तिला वेगळं वजन आहे. मॅरोची सुई कमरेच्या एकाच जागी जाते, मायलोमा मात्र ठिकठिकाणी ठाण मांडून असतो, म्हणून दोन्ही लागतात.

चांगला गुण आलेला असताना मणका नव्यानं दबला तर ‘आजार परतला’ असं लगेच धरू नका. आधीच विरळ झालेलं हाड आणि वर स्टिरॉइड, एवढंही पुरतं. आजार आहे की नुसता ठिसूळपणा हे एमआरआय किंवा पेट-सीटी सांगतो.

पुढं किती वेळा स्कॅन? ठरावीक वेळापत्रक सगळ्यांना लागू पडत नाही. रक्ताचे रिपोर्ट स्थिर आहेत, नवं दुखणं नाही, तर दर तीन महिन्यांनी पेट-सीटी करून हाती काही लागत नाही, काळजी तेवढी वाढते. एम-प्रोटीन किंवा लाइट चेन वाढू लागली, नवीन दुखणं आलं, कॅल्शियम चढलं, तर मात्र स्कॅन लगेच. ज्यांच्या रक्तात प्रोटीन येत नाही किंवा ज्यांना हाडाबाहेर आजार होता, त्यांना ठरावीक अंतरानं लागतो. जास्त जोखमीच्या स्मोल्डरिंगमध्ये अनेक डॉक्टर वर्षातून एकदा एमआरआय बघतात.

हाडं वाचवणारी औषधं, म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब, सुरू होण्याआधी दंतवैद्याकडं जाऊन जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. ही औषधं चालू असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड उघडं पडून बरं न होण्याचा धोका असतो.

पायरी ८: स्कॅन जपून ठेवणं

कागदी रिपोर्ट आणि चकचकीत फिल्म पुरेशी नाही. फिल्मवर निवडक प्रतिमा असतात, एका पूर्ण स्कॅनमध्ये शेकडो. प्रत्येक वेळी डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) स्वरूपातला संपूर्ण स्कॅन सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकनं घ्या. लिंकची मुदत संपते, म्हणून ती त्याच दिवशी उतरवून दोन ठिकाणी ठेवा. फोल्डरला तारीख आणि स्कॅनचा प्रकार एवढंच नाव द्या. सोबत एका कागदावर त्या तारखेला कोणते उपचार चालू होते, शेवटचं स्टिरॉइड आणि जी-सीएसएफ कधी झालं, रेडिएशन कुठल्या हाडाला दिलं ते लिहा. रेडिएशन दिलेल्या मणक्यातली मज्जा नंतर चरबीनं भरून टी-वनमध्ये लख्ख उजळ दिसते. हे माहीत नसलेला रेडिओलॉजिस्ट उगाच कोड्यात पडतो.

शक्य तोवर एकाच केंद्रात, एकाच यंत्रावर स्कॅन करा. केंद्र बदलावं लागलं तर जुना स्कॅन आधी नेऊन द्या, स्कॅन झाल्यावर नाही. रिपोर्टमध्ये ‘अमुक तारखेच्या स्कॅनशी तुलना’ असं वाक्य आहे का ते तिथंच, काउंटरवर उभं राहून वाचा. नसेल तर जुनी सीडी पुढं करून पुरवणी रिपोर्ट मागा. बहुतेक रेडिओलॉजिस्ट तो लिहून देतात.